दुपारी दोनची बाग

फोन आला तेव्हा मी ऑफिसात दिवाकरच्या नावानं बोटं मोडत बसले होते. सोमवारी सकाळी येऊन चित्रातला झोपलेला माणूस काढून टाकतो, असं कबूल केलेला हा माणूस अकरा वाजले तरी उगवला नव्हता. फोनवर त्याची बायको होती. “ताई, हे गेले... झोपेतच.” पुढचं मला ऐकू आलं नाही.

आम्ही दोघं वर्ध्यात बागांचे आराखडे करायचो. बाग कशी दिसेल हे आधी कॉम्प्युटरवर रंगवून दाखवावं लागतं. बाकीचे लोक त्यात हिरवीगार हिरवळ अंथरतात आणि कुत्रं घेऊन पळणारी सोनेरी केसांची बाई आयती आणून चिकटवतात. दिवाकरला त्या बाईचा भयंकर राग. “ही बाई जाम गावच्या चौकात मे महिन्यात पळून दाखवू दे, मंग चिकटवतो!” त्याच्या प्रत्येक चित्रात मे महिना आणि दुपारचे दोन. गवत पिवळं, ऊन पांढरंफटक, आणि सगळं गाव एका कडुनिंबाच्या सावलीत दाटीवाटीनं बसलेलं. चित्र पाहून गिऱ्हाइकाच्या घशाला कोरड पडायची. मी कपाळावर हात मारून घ्यायचे. तो म्हणायचा, “ताई, मे महिन्यात बसता आलं त बाग. बाकीचे महिने काय, कुठंबी बसता येते.”

माणसंही तो इथलीच घ्यायचा, फोटो काढून, कातरून. जामजवळच्या एका गावच्या बागेसाठी झोपलेला माणूस हवा होता, तर स्वतःच अंगणातल्या कडुनिंबाखाली तोंडावर दुपट्टा घेऊन आडवा झाला. मी फोटो काढला आणि हाक मारली, तर साहेब खरंच घोरत होते.

त्या गावचे सरपंच चित्र पाहून बिथरले. “बागेत मानूस पडून राह्यला! वरून साहेब आले त काय म्हनतीन? दारू पेला म्हनतीन. त्याले काढा, मंगच मंजुरी.” दिवाकर म्हणाला, “मान्सं झोपाची नाई त झाडं लावता कायले?” पण काम जाईल म्हणून शेवटी राजी झाला.

तेरवीनंतर मी ते चित्र उघडलं. माणसाचा लेयर, म्हणजे चित्रातला त्याचा वेगळा थर, बंद केला. कडुनिंबाची सावली तशीच राहिली, बसलेल्या गावाच्या मधोमध त्याची जागा तेवढी रिकामी... मला ते बघवेना. मी लेयर पुन्हा चालू केला आणि सरपंचांना फोन लावला. मंजुरी गेली तर गेली.

“सरपंच, तो झोपलेला माणूस म्हणजे आमचा दिवाकरच होता.”

दिवाकर गेल्याचं त्यांच्या कानावर आलंच होतं.

“मंग काढू नका ताई,” ते म्हणाले. “झोपू द्या त्याले. साहेबाले मी सांगतो काय सांगाचं ते. फक्त बाजूले पान्याची बाटली ठेवा. मे महिना हाय ना तुमचा.”

मी बाटली ठेवली. ती उन्हात येत होती, म्हणून आणखी थोडी सरकवली, त्याच्या हाताला लागेल अशी.