अंतरपाट कधी काढायचा?

नातीनं ठरवलं, लग्नात भटजी नको. दुसराही कुणी नको. दोघांनी एकमेकांना जे सांगायचं ते सांगायचं आणि हार घालायचे. कायद्याच्या सह्या आदल्या दिवशी कचेरीत. ऐकायला एवढंच. पण या एवढ्याशासाठी मी साताऱ्याहून सांगलीला किती खेपा घातल्या, ते माझ्या कमरेला विचारा. भटजी असते तर त्यांनी पंचांग उघडलं असतं आणि मी निवांत पापड लाटले असते.

नातीचे होणारे सासरे कडेगावचे. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, आता ऊस बघतात. बाकी सगळं त्यांनी मान्य केलं, अडले ते अंतरपाटावर. सांगलीजवळ माधवनगरला आमच्या लेकाच्या घरी सगळे बसलो होतो, नवरामुलगाही होता. त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"आवं आजी, मंगलाष्टकं न्हाईत, सावधान न्हाई. मग अंतरपाट काढायचा कवा? अक्षता टाकायच्या कवा?"

लग्न कधी लागलं हेच भावकीला कळणार नसेल तर भावकी येणार नाही, आणि मीही येणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. नात माझ्याकडे बघत राहिली. भटजी तिला नको होते, पण सासऱ्यांशिवाय लग्नही नको होतं.

मी इतकी दमले होते की समजूत घालायचं त्राण नव्हतं. मग माझ्याच लग्नाची गोष्ट सांगितली. अंतरपाटाखालून नवऱ्याचे पाय दिसले तर संसार मोडतो, असं कुणीतरी माझ्या डोक्यात भरवलेलं. मी पडले शहाणी! डोळे घट्ट मिटून उभी. अंतरपाट गेला, वाजंत्री सुरू झाली, अक्षता नाकात गेल्या, तरी बाईसाहेबांचे डोळे बंदच. शेवटी भटजींनी माझं मनगट धरून हार पुढं ढकलला. तो नवऱ्याच्या एका कानाला अडकला. लग्न कधी लागलं ते गावाला कळलं, मला सोडून.

सुभेदार हसले, पण हलले नाहीत. तेव्हा मी पलंगावरची चादर ओढली. एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं. दोन्ही बाजूंना नात आणि नवरामुलगा उभे. माझे दंड भरून आले.

"काढू का, पोरी?" सुभेदारांनी विचारलं.

"थांबा काका."

चादरीपलीकडून मुलगा चाचरत म्हणाला, "रागावलो तरी अबोला धरणार नाही."

"मी ऐकून घेईन," नात म्हणाली. "लगेच नाही, पण घेईन."

मग दोघं एकदम म्हणाली, "काढा."

सुभेदारांनी असा झटका दिला की माझ्या हातातलं टोकही गेलं. चादरीची त्यांनी फौजी घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून.

"भावकीला मी सांगतो," ते म्हणाले. "पोरांनी काढा म्हटलं की अक्षता. पर त्या दिवशी एक टोक माझ्याच हातात. दुसरं तुमच्या."

पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसायचा माझा बेत होता. तो गेला. नात दंड चोळायला आली, तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं, "त्या दिवशी जे बोलायचं ते थोडक्यात बोला गं."