ओवाळणीतलं कोकरू

पोटावर तिसऱ्यांदा टाके पडले तेव्हा मला रडूसुद्धा आलं नाही. नुसता वीट आला. पहिल्यांदा पोट उघडलं ते माझ्या थोरल्या भावासाठी, दादासाठी. त्याचं लिव्हर पार निकामी झालेलं, आणि घरात माझंच जुळलं. डॉक्टर म्हणाले, देणाऱ्याचं लिव्हर पुन्हा वाढतं, काळजी करू नका. दादा सावरला. माझं मात्र कापल्या जागेतून पित्त गळायला लागलं, ताप चढला, आणि परत मला आत नेऊन पोट उघडलं. भेटायला येणारे शहाळी घेऊन दादाकडे जायचे, आणि जाता जाता माझ्या दारात डोकवायचे. "तुला काय झालंय गं? तू तर धडधाकट हुतीस की." आता काय बोलणार, कपाळ?

दादाला हे कळलं तेव्हा त्यानं गोळ्या बाजूला सारल्या. "तिचं पोट फाडून मी जगू व्हय?" दिलेलं लिव्हर अंगात टिकायचं तर त्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. सगळ्यांनी हातापाया पडून त्याला पुन्हा सुरू करायला लावल्या.

आमचं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांतलं. डॉक्टरांनी दादाला जनावरांजवळ जायला मनाई केली, जंतू लगेच धरतील म्हणून. त्यानं कळप चुलतभावाला दिला. आई मेलेलं एक कोकरू तेवढं देववेना. भाऊबीजेला तो चुलतभावाला घेऊन कुंभारीला माझ्या घरी आला आणि तोंडाला मास्क लावून लांबच उभा राहिला. चुलतभावानं कोकरू माझ्या मांडीवर ठेवलं. "साडी काय कुणीबी देतं," दादा म्हणाला, "ह्ये तू सांभाळ."

मला वजन उचलायला बंदी होती. घागर, पोतं, गॅसची टाकी, कशाला म्हणून मी हात लावला नाही. पाणी आमचे मालक भरायचे. कोकराला मात्र सकाळ-संध्याकाळ उचलून आत-बाहेर करायची, मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजायची. ते रोज वाढत होतं आणि मी रोज उचलत होते. दादा रोज फोन करायचा. आधी कोकराची चौकशी, मग माझी. राग यायचा मला.

मग जुन्या टाक्यांजवळ फुगवटा आला. सोलापुरातल्या डॉक्टरांनी हात लावला आणि हर्निया म्हणाले. जाळी बसवायला परत ऑपरेशन.

"काही जड उचललं का?"

"न्हाय ओ," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

"कोकरू उचलती की," मालक म्हणाले आणि कोकरू केवढं ते मांडीशी हात धरून दाखवलं. डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. आता मेंढरांच्या घरात कोकराला वजन कोण म्हणतं? लेकराला म्हणतं का कुणी?

टाके पडले, मी घरी आले. मालकांना बजावलं, दादाला खोकल्यानं झालं म्हणून सांगायचं. त्याच्याच ओवाळणीनं पोट फाटलं हे कळलं असतं तर त्यानं गोळ्या कायमच्या सोडल्या असत्या.

तो भेटायला आला. अंगणात कोकरू ओरडलं तसा दादा सगळं विसरला. मास्क खाली ओढला, वाकला आणि त्याच्या पोटाखाली हात घालून उचललं.

"ठेव खाली! त्येनंच माझं पोट फाटलंय."

बोलून गेले. मेली जीभ माझी. त्यानं ते हळूच खाली ठेवलं आणि पायरीवर बसला. त्याच्या मोबाइलवर गोळीची वेळ झाल्याचा गजर वाजायला लागला. तो बंद करून दादा तसाच बसून राहिला.

विनवण्या करायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. "घे न्हायतर नको घेऊ," मी म्हटलं. "पण आत हाय ते माझं हाय. वाया घालवू नको."

मी पाणी आणायला उठायला लागले.

"तू बस," तो म्हणाला. आत जाऊन तांब्या त्यानंच भरून आणला, आणि माझ्यासमोर बसून गोळी घेतली.