चाचांच्या भिंतीवरचे पाच शूटर

लग्न झालं त्याच वर्षी मला कळंबच्या तहसील कचेरीत कारकुनी मिळाली. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण कचेरीतली जुनी दप्तरं अजून उर्दूतच होती. मी तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातला, पण शाळा उर्दूत झालेली. त्यामुळं साहेबांना माझी गरज होती.

कचेरीच्या मागं मैदान होतं. बाभळीचे दोन खांब रोवून त्यांना जाळी बांधलेली, चुन्याच्या रेघा मारलेल्या. ऊन कललं की तिथं व्हॉलीबॉल सुरू व्हायचा. मला खेळता येत नव्हतं, पण खेळाबद्दल बोलता लई यायचं, आणि बोलणाऱ्यांचा अड्डा एस.टी. स्टँडजवळच्या शिंप्याच्या दुकानात होता. या शिंप्याला सगळं गाव चाचा म्हणायचं. मशीनच्या मागच्या निळ्या भिंतीवर कापडावर आखायच्या खडूनं त्यांनी पाच शूटरांची, म्हणजे उडी मारून चेंडू हाणणाऱ्यांची, यादी लिहिलेली असायची, उर्दूत. बाजारच्या दिवशी ती पुसून नवी व्हायची. कुणी वर जायचं, कुणी खाली, आणि आठवडाभर त्यावर भांडण.

पहिला नंबर बहुतेक वेळा आडत बाजारातल्या हमालाचा. ज्वारीची पोती उचलून त्याचे दंड नुसते फुगलेले. तो उडी मारून असा चेंडू हाणायचा की समोरचे बाजूला सरकायचे. माझा माणूस मात्र दवाखान्यातला डावखुरा कंपाउंडर. त्याचा मार कुठं पडेल ते कळायचंच नाही.

"मुन्शीजी, तुमचा कंपाउंडर सुई टोचतो, सुई," चाचा म्हणायचे. "माझा हमाल तोफ मारतो, तोफ!"

"तोफेचा गोळा रेघेच्या बाहेर पडला तर काय उपयोग, चाचा?"

घरी गेल्यावर हेच सगळं मी बायकोला ऐकवायचो. ती शेतकऱ्याच्या घरातली, मराठी चौथी शिकलेली. आमची भाड्याची खोली मैदानाला लागूनच होती. ती चुलीपुढं बसून भाकरी थापायची आणि हूं हूं करायची. मला वाटायचं, हिला यातलं काय कळतंय.

एक दिवस तिनं विचारलं, "आन् चेंडू उचलून देतो त्याचा कितवा नंबर?"

उचलून द्यायचा तो कळंबचा टपालवाला. बुटका, अबोल माणूस.

"त्याचा नंबर नसतो," मी म्हणालो. "तो मारत नाही ना."

तिनं भाकरी उलटली. "मग बेस्तरवारी आन् शनवारी तुमचा हमाल जाळीतच का मारतो?"

"म्हणजे?"

"त्या दोन दिशी टपालवाला खेड्यांवर टपाल घेऊन जातो. म्या दिवाळीपासनं खिडकीतनं बघतेय. तुमच्याइतकं बोलता येत न्हाय मला, पर डोळे हायेत."

पुढच्या गुरुवारी मी तोंड मिटून फक्त बघितलं. टपालवाला नव्हता. हमालानं पहिले दोन चेंडू जाळीत घातले, आणि तिसरा कचेरीच्या पत्र्यावर. माझ्या कंपाउंडरचीही तीच गत. घरी गेलो तर बायको माझ्या तोंडाकडं बघून हसली.

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या दुकानात हा मुद्दा मांडला. माझाच असल्यासारखा. चाचांनी मशीन थांबवलं. "मुन्शीजी, आज धूप लगी क्या तुमकू?"

हमाल तिथंच बाकड्यावर बसलेला. तो म्हणाला, "म्या हाणतो म्हणून चेंडू पडतो. त्यानं नुसता वर फेकलेला असतो." कंपाउंडरनं मान डोलावली. ते दोघं एका बाजूला झालेले मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले.

शेवटी चाचांनीच तोड काढली. रविवारी भिंतीवरचे पाचही शूटर एका बाजूला, जोडीला शाळेतला ड्रिल मास्तर. दुसऱ्या बाजूला टपालवाला आणि कचेरीतले चौघं. सहावा माणूस मिळेना म्हणून मला उभं केलं.

पहिला डाव आम्ही इतका वाईट हरलो की चाचा हसून हसून खोकायला लागले. दुसऱ्या डावात टपालवाला माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "मुन्शीजी, तुमी फकस्त उडी मारा. हात वर ठेवा. चेंडू म्या आणतो."

मी धोतर खोचलं, डोळे मिटले आणि उडी मारली. तळहाताला काहीतरी लागलं. डोळे उघडले तर चेंडू पलीकडं, हमालाच्या पायाशी पडलेला. आयुष्यात मी मारलेला तो पहिला शॉट. मी इतका ओरडलो की रस्त्यावरची बैलगाडी थांबली.

पलीकडं वेगळीच गंमत चाललेली. पाचही जण मारणारे, ड्रिल मास्तरलाही मारायचंच होतं, मग उचलणार कोण? "तू उचल." "म्या का? तू उचल." या वादात चेंडू दोघांच्या मधे पडायचा. दुसरा डाव आम्ही घेतला. तिसराही घेतला, अगदी थोडक्यात. खिडकीकडं बघितलं तर बायको पिठाचे हात तसेच धरून हसत उभी.

चाचांनी मला बाजूला घेतलं. "सच बोलो मुन्शीजी, ये अक्कल किसकी?"

"घरातली," मी म्हणालो.

बाजारच्या दिवशी बायको चोळी शिवायला टाकायच्या निमित्तानं माझ्याबरोबर दुकानात आली. भिंतीवरची यादी चाचांनी खास तिच्यासाठी बाळबोध अक्षरांत लिहिली होती. सगळ्यात वर 'टपलवाला'.

"काना राहिला, चाचा," ती म्हणाली.

चाचांनी उठून काना दिला. "अब बोलो बेटी, दो नंबर कौन?"

"कंपाउंडर."

मी खूश होऊन तिच्याकडं पाहिलं. "तुमी सांगता म्हणून न्हाय," ती म्हणाली. "हमाल लई लवकर चिडतो."

ते खरंच होतं. यादी बघून हमाल रुसला आणि खेळायला यायचाच बंद झाला. चौथ्या दिवशी टपालवाला दुकानात येऊन हात जोडून उभा राहिला. "चाचा, पुसा ते. मारणाराच आला न्हाय तर म्या उचलून कुणाला देऊ?"

"अगले बाजार तक लिखा सो मिटाता नहीं मैं," चाचा म्हणाले.

मग टपालवाला स्वतःच आडत बाजारात गेला आणि पोत्यांच्या थप्पीवर बसलेल्या हमालाला घेऊन आला. त्याला काय म्हणालास, असं मी नंतर विचारलं. "काय न्हाय," तो म्हणाला. "म्हणलं, तू न्हाईस तर हात उगीच वर जातेत." त्या दिवशी हमालानं असे शॉट मारले की चाचा दुकान उघडं टाकून मैदानात आले.

त्या उन्हाळ्यात धाराशिवला सामने होते. आम्ही सगळे एस.टी.नं गेलो, बायको आणि चाचांच्या घरच्याही. दोन सामने जिंकलो आणि तिसरा धाराशिवच्याच संघाशी हरलो. परतताना गाडीत वाद पेटला. चाचांचं म्हणणं, कळंबचा गेल्या वर्षीचा संघ यंदाच्यापेक्षा भारी होता. बायकोचं म्हणणं, यंदाचाच भारी, गेल्या वर्षी टपालवाल्याला कुणी विचारत तरी होतं का? चाचांच्या घरच्या तिच्या बाजूनं झाल्या. मग विषय धाराशिवच्या उचलणाऱ्यावर आला, आणि बायको ठासून म्हणाली, "त्यो आमच्या टपालवाल्याच्या पुढं दोन नंबरचाच!"

गाडी करकचून थांबली. ड्रायव्हर धाराशिवचा निघाला. मागं वळून म्हणाला, "आमच्या गड्याला दोन नंबर कोण म्हणलं? त्यानं खाली उतरावं."

बायकोनं पदर सावरला आणि उभी राहिली. "म्या म्हणलं. पर उतरायच्या आधी तुमी सांगा, आमच्या टपालवाल्यासारखं तुमच्या गड्याला न बघता पाठीमागं उचलून देता येतंय का?"

ड्रायव्हरनं टोपी मागं सारून डोकं खाजवलं. "न्हाय," तो म्हणाला, आणि गाडी चालू केली.