फ्लॉपीची खंडेनवमी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी फ्लॉपीची पूजा केली. लांबून नमस्कार केला असता तरी चाललं असतं. पण मी तेव्हा जे करीन ते साग्रसंगीत करणारी! त्या काळ्या, लवलवत्या चौकोनाला एक लांबट खिडकी होती आणि तिच्यातून आतली गुळगुळीत चकती दिसत होती. हळदकुंकवासाठीच जागा सोडलीय, असं मला मनापासून वाटलं. हळद, कुंकू, वर झेंडूची ओली पाकळी. शेजारी माझं शिलाईचं मशीन आणि यांचा पाना. फ्लॉप्या दोन होत्या, एक मूळ आणि एक तिची नक्कल. भेदभाव नको म्हणून दोघींची केली.

फ्लॉप्या माझ्या नणंदेच्या मुलीच्या. ही भाची साताऱ्याहून अकरावीसाठी आमच्याकडे जुईनगरला राहायला आली होती, आणि यंत्राशी इतक्या अदबीने व माणसांशी इतक्या तुटकपणे बोलणारा जीव आमच्या सोसायटीत आधी झाला नाही, नंतरही नाही. तिच्याबरोबर एक कॉम्प्युटर आला होता, भावोजींच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, ऑफिसने मोडीत काढलेला. त्याच्या पोटात काही म्हणून राहत नसे. लिहिलेलं सगळं फ्लॉपीवर. त्याच्या खोलीत शिरताना यांना पाय धुवावे लागत. मे महिन्यात घरातला एकुलता एक टेबलफॅन त्या खोक्याकडे तोंड करून फिरे आणि आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत बसू. ही बया एक वेणी घालून झाली की दुसरी अर्धवट सोडून पडद्याकडे धावे आणि तशीच कॉलेजला जाई. "अगं, ध्यान दिसतंय!" म्हटलं की उत्तर, "मामी, एक मिनिट. सापडलं मला." मला तिचं एकच भारी नवल वाटायचं. प्रोग्राम अडला की ती कधी यंत्राला बोल लावत नसे. "तो बरोबर आहे, माझं चुकलं," म्हणे. आमच्या घराण्यात हे वाक्य पूर्वी कोणी उच्चारल्याचं ऐकिवात नाही. हे तर म्हणत, "हिला माझ्या बहिणीची मुलगी म्हणवत नाही!"

भावोजींना मात्र हे खूळ वाटायचं. कोजागिरीला गच्चीवर हाउजी, म्हणजे पुकारलेले आकडे तिकिटावर खोडायचा खेळ, असे, आणि आकडे या वर्षी कॉम्प्युटर काढणार असं तिने सोसायटीला सांगून ठेवलं होतं. भावोजींनी फोनवर बजावलं, "मी बघायला येतोय. जमलं तर ठीक, नाहीतर खोकं माझ्याबरोबर परत. बारावी डोक्यावर आली."

आणि आता माझी पूजा! हाउजीचा प्रोग्राम होता तो त्या दोनच फ्लॉप्यांवर. फ्लॉपी आत सरकवल्यावर जात्यात खडे पडल्यासारखा आवाज आला. दुसरीचाही तोच. पोरगी कुंकू लागलेलं बोट बघत बसली. "सगळं गेलं, मामी," एवढंच म्हणाली. तेवढ्यात हे बोलले, "चला! घरात एक विद्या आली होती, तिचीही ओटी भरून पाठवणी केलीस." मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच कोथिंबीर निवडत बसले. निवडलेलीच पुन्हा निवडली.

मग ती नव्या फ्लॉपीसाठी वाशीला जाऊन आली आणि बसली टकटक करायला. कोजागिरीपर्यंत मी तिला घासही हातात नेऊन दिला. तिचा जुना प्रोग्राम तसा खोडीलच होता. एकदा निघालेला आकडा पुन्हा काढायचा. प्रत्येक वेळी ही त्याला नवं ठिगळ लावायची. एका दुपारी ती खोलीतून ओरडतच बाहेर आली, "मामी, मी येडी होते! आकडा काढून, तो आधी आलाय का, असं शोधायचंच कशाला? सगळे आधीच पत्त्यांसारखे पिसून ठेवायचे, आणि वरून एकेक वाटायचा!" मला त्यातलं पत्ते तेवढे कळले.

कोजागिरीला गच्चीवर वायर ओढून खोकं मांडलं. मी मसाला दूध वाटत होते. एकेक आकडा येत गेला. एकही पुन्हा आला नाही. भावोजी तिकीट खोडत होते. पहिली ओळ त्यांनाच लागली, आणि कमरेवर हात ठेवून त्यांनी लेकीला विचारलं, "ह्याला रंगीत पडदा बसतो का गं?" मी माझा पेला घेऊन सतरंजीवर बसले. सहा दिवसांत पहिल्यांदा मला दुधाची चव लागली.

पुढे दोन वर्षांनी ती शिकायला पुण्याला गेली आणि टेबलफॅन आमच्याकडे वळला. वारा भरपूर लागे, पण खोली फार गप्प वाटायची. आता तिच्याच केसांत पांढरं आलंय, भेट वर्षातून एखादी. त्या कोजागिरीच्या रात्री कीबोर्ड कडेवर घेऊन जिना उतरताना मी म्हटलं होतं, "बये, माझ्यामुळे फार सोसलंस गं." ती पुढेच होती. मागे न बघता म्हणाली,

"बरं झालं मामी, तो जुना प्रोग्राम तू घालवलास. माझ्या हातानं मला तो कधी पुसवला नसता."