जुम्बेरचं लाल बटण

रुस्तवीच्या गाडीबाजारात जुम्बेरइतका हेकट वायरमन दुसरा नाही. त्याच्या शेजारी पावाची भट्टी लावून मी अठरा वर्षं काढलीत, म्हणजे माझी सहनशक्ती बघा! अमेरिकेतून ठोकलेल्या गाड्या इथे येतात, धडधाकट होऊन जातात. पण अपघात झाला की फोन लावणारं त्यांच्यातलं यंत्र आमच्याकडे मुकंच. जुम्बेर ते उपटून दुसरं बसवतो, नव्याला गाडीचा नंबर शिकवतो, सिमकार्ड घालतो आणि आरशाजवळच्या लाल बटणाला मालक सांगेल त्या माणसाचा फोन जोडतो. पुढे त्याचा कायदा. मालकानं बटण दाबायचं. पलीकडून कुणी उचललं तरच किल्ली मिळणार.

"अरे, तूच दाबून बघ ना मेल्या!" मी कितीदा म्हटलंय.

"यंत्र चालतं ते मला ठाऊक आहे, मार्गो. माणूस चालतो का, ते बघायचंय."

परवा लमारा आली. गुरांची डॉक्टर, तियानेतीच्या डोंगरात एकटीच गाडी हाकते. गेल्या हिवाळ्यात गाडीसकट घसरून ओढ्यात पडली आणि दोन तास तशीच होती. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

"दरीत पडलीस तर कोण धावेल?" जुम्बेरनं विचारलं.

तिनं एक नंबर सांगितला, न बघता, तोंडपाठ. तो तिच्या भावाचा, वाझाचा. आई गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या पंगतीत, आमच्या रीतीप्रमाणे प्याला उचलून, त्यानं घरच्या झाडून सगळ्यांची नावं घेतली, हिचं तेवढं राहिलं. चार वर्षं अबोला!

"दाब."

"नाही दाबणार. त्यानं उचललंच नाही तर, जुम्बेरदादा? आत्ता निदान नंबर तरी आहे."

"मग किल्ली नाही."

मी जुम्बेरला लाखोली वाहिली. तो ढिम्म. शेवटी लमारानं डोळे मिटून बटण दाबलं. आधी जुम्बेरनं भरून ठेवलेला निरोप वाजला: लमाराच्या गाडीला मदत हवीय. गाडी कुठे आहे ते यंत्र त्याच वेळी मेसेजनं कळवतं.

"कुठंय ती?" पलीकडून ओरडणं आलं. "जिवंत आहे ना? निघालो मी!"

"अहो, ही नुसती चाचणी..." जुम्बेर सांगतोय तोवर फोन बंद. परत लावला तर उचलतोय कोण!

दीड तासानं वाझा आला. घरातल्या सपाता, शर्टाची बटणं खालीवर. लमाराला माझ्या भट्टीपाशी धडधाकट उभी बघून तो मटकन पायरीवरच बसला.

"थंडीत सपाता घालून कुणी येतं का रे?" ती खेकसली आणि रडायलाच लागली. मलाही आवरेना.

जुम्बेरनं निमूट किल्ली तिच्या हातात ठेवली. मी गरम पाव आणि वाइन आणली. वाझानं प्याला उचलला.

"लमारा," तो म्हणाला. दुसरं कुणाचंच नाव त्यानं घेतलं नाही.