एकतीस मशाली

रिकाम्या खोलीतला दिवा चालू दिसला की माझा हात आपोआप बटणाकडे जातो. घरात सगळ्यांना याचा ताप आहे. मुलगी इथे होती तेव्हा बाथरूममधून ओरडायची, "बाबा, मी आत आहे अजून!" नोकरीही तसलीच. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं आहे. प्रात्यक्षिक आटोपून मुलं गेली, की त्यांनी तशीच टाकलेली उपकरणं उचलायची, चालू राहिलेलं बंद करायचं, कपाटात लावून कुलूप घालायचं. कोणी विसरलेली वस्तू जागेवर गेली की मला बरं वाटतं. हे आधी सांगतो, कारण पुढे झालं ते यातूनच झालं. सबब म्हणून सांगत नाही. यानंतर मी जे केलं, त्याला सबबच नाही.

मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली. फोनवर आमचं बोलणं म्हणजे "जेवलीस का?", "हो", "बरं". मी मुळातच कमी बोलतो. मग तिनेच सुचवलं, की ती आणि तिची कॉलेजातली मैत्रीण कॉम्प्युटरवर एक खेळ खेळतात, त्यात तूही ये. ही मैत्रीण यवतमाळकडची. सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. मुलगी गेल्यावरही दर रविवारी ती कात्रजला आमच्याकडे जेवायला यायची. जेवण झालं, की त्याच टेबलावर ती तिचा लॅपटॉप उघडायची, समोर मी माझा, आणि मधे फोन स्पीकरवर ठेवलेला, त्यात मुलगी.

खेळ जगून राहण्याचा. रानात रिकाम्या हातांनी सुरुवात करायची, लाकूड तोडायचं, घर बांधायचं, पीक काढायचं, आणि अंधारात निघणाऱ्या भुतावळीपासून जीव वाचवायचा. त्या दोघींनी आपल्या जगाला एक कडक नियम लावून घेतला होता: मेलं की संपलं, त्या जगात परत येणं नाही. असं असूनही तीन वर्षं दोघी जिवंत होत्या. मला त्यांनी बटाट्याचं शेत दिलं होतं. मी ते मन लावून करत होतो.

एका रविवारी त्यांनी मला पहिल्यांदा भुयारात नेलं.

"बाबा, तू मशाल धर आणि मागून ये. बाकी काही करू नकोस."

"काका, हातात मशाल असली की तलवार धरता येत नाही," मैत्रिणीने समोरून समजावलं. "म्हणून तुम्ही उजेड, ती तलवार, अन् मी रस्ता."

रस्ता म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मुलगी पुढे, तिच्यामागे मैत्रीण डाव्या भिंतीवर एकेक मशाल लावत चाललेली, शेवटी मी. माझ्या हातातल्या मशालीचा उजेड चार पावलं पुढे, चार पावलं मागे. त्या दोघी वळणाआड गेल्या, की मागे भिंतीवरच्या मशाली कोणी नसताना जळत राहायच्या. मला ते बघवेना. एकीवर बटण दाबलं, तर टक् असा आवाज होऊन ती माझ्या पिशवीत आली. मग पुढची. मग प्रत्येक. आपण मदत करतोय, असंच मला वाटत होतं. वर पोचल्यावर सांगणार होतो, की बघा, सगळ्या आणल्या.

खोल आत मुलीवर दोन-तीन भुतांनी झडप घातली. "बाबा, बाजूला हो!" म्हणत ती माझ्या शेजारून मागे पळाली. फोनमधून तिचा आवाज यायला लागला, "इथे काळोख का आहे? मशाली कुठायत? ए, मशाली कुठायत?" पाठोपाठ काहीतरी उकळल्याचा आवाज आला. चुकीच्या फाट्याला वळून ती तापलेल्या लाव्ह्यात पडली होती. पडद्यावर एक ओळ उमटली, की ही खेळाडू मेली.

मशाली कशासाठी होत्या, ते मला त्या क्षणी समजलं. परत येताना त्या उजव्या हाताला ठेवायच्या, म्हणजे बाहेर पडता येतं.

"तू लावल्याच नाहीस?" मुलीने विचारलं.

"लावल्या न मी! प्रत्येक वळणावर लावल्या."

"मग गेल्या कुठे? फिरायला?"

"काय बोलून राहिली तू? मी लावल्या म्हणते न."

"कॉलेजात तीनदा खोलीची किल्ली आत विसरलीस, तेव्हाही असंच म्हणायचीस."

मैत्रिणीने लॅपटॉपवरून माझ्याकडे पाहिलं. आमच्यामध्ये दोन हातांचं अंतर होतं. "काका, तुम्ही मागे होते न? तुम्हाला दिसल्या न?"

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

हीच ती गोष्ट. मशाली गोळा करू नकोस असं मला कोणी सांगितलं नव्हतं, हे खरं आहे. पण हे तीन शब्द मी पूर्ण शुद्धीत बोललो. बापाला काही जमत नाही असं मुलीला वाटेल, पुढच्या रविवारी ती मला बोलावणार नाही, एवढीच भीती होती. मग मैत्रीण बाहेर आली ती माझ्याच हातातल्या उजेडाने. संध्याकाळी ती गेल्यावर मी पिशवीतल्या मशाली मोजल्या, एका पेटीत टाकल्या आणि पेटी बटाट्याच्या शेताखाली पुरली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "अहो, पोरगी जेवायला का येत नाही हल्ली?" बायको विचारायची. मी म्हणायचो, "परीक्षा असेल." मुलीने दुसरा खेळ सुरू केला, त्यात मला घेतलं. म्हणजे मला हवं होतं ते मिळालं होतं. असे आठ महिने गेले.

मग मुलीचा साखरपुडा ठरला. फोनवर बायको पाहुण्यांची नावं सांगत होती, मी कागदावर लिहून घेत होतो, त्यात मैत्रिणीचा उल्लेख आला.

"तिला नको," मुलगी म्हणाली.

मी मधे बोललो, "अगं, एका खेळावरून?"

"खेळाचं सोड, बाबा. लावल्या नाहीत तर नाही लावल्या म्हणायचं. तोंडावर खोटं कशाला बोलायचं? मला खोटं बोलणारी माणसं नको आहेत तिथे."

मी पेन खाली ठेवलं आणि चप्पल घालून निघालो.

मैत्रीण अभ्यासिकेत होती. निरोप पाठवल्यावर खाली आली. गल्लीत दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या, त्यांच्यामध्ये उभा राहून मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. ती एका स्कूटरला टेकून उभी राहिली.

"मला वाटायला लागलं होतं काका, की मीच लावल्या नसतील," ती म्हणाली. "खोलीतून निघते, अन् कुलूप बघायला दोनदा परत जाते. पेपरात उत्तर भरलेलं असतं, तरी परत परत बघत बसते."

"लावल्या होत्यास. एकतीस."

"मोजल्या तुम्ही?"

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तिला सांगितलं?"

"नाही. आधी तुला."

"का?"

मी खिशातला फोन चाचपला. खरं उत्तर हे, की तिच्यापेक्षा मुलीपुढे मला जास्त लाज वाटत होती.

"आत्ता लावा फोन," ती म्हणाली.

लावला. तिथेच, तिच्यासमोर. मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, तू दिवे बंद करत आलास?"

"हो."

"आणि मग गप्प बसलास."

"हो."

"तिला दे फोन."

फोन देऊन मी कोपऱ्यावरच्या दुकानापाशी जाऊन उभा राहिलो. लांबून मैत्रिणीचे नुसते "हो", "हं", "बघू" ऐकू येत होते. दहा मिनिटांनी तिने फोन परत आणून दिला.

"ती सॉरी म्हणाली. साखरपुड्याला यायचं का, ते बघते. राग आहे अजून. तिच्यावर कमी, तुमच्यावर जास्त."

"बरोबर आहे."

"अन् त्या मशाली परत लावा. होत्या तिथे."

रविवारी दुपारी मी शेत खणून पेटी काढली. भुयारात शिरलो, डाव्या भिंतीला एकेक मशाल लावत आत गेलो. आठवत होत्या तेवढ्या जागा बरोबर धरल्या, बाकी अंदाजाने. शेवटची लावून मागे वळलो, तर रिकामं भुयार लख्ख उजळलेलं. हात बटणाकडे गेलाच. मी तो मागे घेतला.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात ओळ उमटली, की मैत्रीण खेळात आली आहे. ती भुयाराच्या तोंडाकडून आत येत होती. प्रत्येक मशालीपाशी ती थांबायची, तिच्याकडे तोंड करून क्षणभर उभी राहायची, मग पुढच्या मशालीकडे जायची. एकतिसाव्या मशालीपाशी ती पोचेपर्यंत मी भिंतीला चिकटून, वाट सोडून उभा होतो.