आईची बोटं आणि कोपरबाई

माझी आई प्रसूतिगृहात आया, आणि तिला आपल्या हाताचा भारी तोरा. बाळाची पहिली अंघोळ तिच्याच हातची, असा तिथे शिरस्ता पडलेला. टबात गार पाणी, वरून किटलीतलं गरम, मग चार बोटं बुडवून ती नुसती मान हलवायची. तापमापक भिंतीला लटकलेला असायचा, पण त्याला विचारतो कोण?

दुसरी आया वयाने लहान. ती बाही वर सरकवून कोपर बुडवायची, म्हणून आईने तिचं नाव कोपरबाई ठेवलं. "बोटं काय घरी विसरलीस का गं?" असं सगळ्यांदेखत विचारायची. ती बिचारी हसून सोडून द्यायची. तिच्या जागी मी असते तर टब आईच्या डोक्यावर पालथा घातला असता.

त्याच सुमारास आईच्या पायातली चप्पल वाटेत गळायला लागली. ही बाई एक पाय अनवाणी तशीच पुढे, आणि मागून कुणीतरी चप्पल घेऊन धावतंय. आम्ही पोट धरून हसायचो. मधुमेह तिला जुनाच. गोळ्या आठवल्या तर घ्यायची. चपलेचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

एका सकाळी कोपरबाईने टबात पाणी मिसळलं आणि तेवढ्यात तिला वॉर्डातून हाक आली. आईने बोटं बुडवली, मान हलवली आणि बाळाला पाण्यात सोडायला घेतलं. पाय पाण्याला लागले मात्र, बाळाने ते आखडून घेतले आणि असा टाहो फोडला की मेट्रन धावत आली. पावलं लालबुंद झाली होती. नशीब, फोड आले नाहीत.

"पाणी कुणी केलं?" मेट्रनने विचारलं.

"हिने," आई म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पण तपासलं कुणी, हे आई बोलली नाही, आणि परत आलेल्या कोपरबाईनेही तोंड उघडलं नाही. चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलं.

घरी आल्यावर आईला जेवण जाईना. "मला पाणी गरम लागलंच नाही गं," एवढंच म्हणत राहिली. मी तिचा हात हातात घेतला. चारही बोटं लाल होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं. "टोचलं की सांगा."

थोड्या वेळाने आई म्हणाली, "टोचा की आता!"

ते केव्हाचे तिच्या बोटांना सुई टोचत होते.

मग त्यांनी समजावलं. कातडीपासून पाठीच्या कण्यापर्यंत मज्जातंतू असतात, धाग्यासारखे लांबच लांब. बोटाला चटका बसला की त्या धाग्यातून विजेची लहर धावते. ती टोकाला पोचली की तिथून एक रसायन सुटतं, मधली इवलीशी फट ओलांडतं आणि पुढच्या पेशीला जागं करतं. एकीकडून दुसरीकडे, असा निरोप मेंदूपर्यंत जातो. हात तर त्याआधीच मागे येतो, कण्यातूनच परस्पर हुकूम सुटतो. "पण साखर वाढलेली राहिली की हे धागे खराब होतात. आणि जितका लांब, तितका आधी. पहिल्यांदा पाय, मग बोटं."

म्हणजे चप्पल. मला आमचं हसणं आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी सुई कोपराला लावली. "आई गं!" आई ओरडली.

"बघा, इथे अजून सगळं शाबूत आहे," डॉक्टर खुशीत म्हणाले. आई मात्र आपल्या कोपराकडे बघत राहिली. 

तिथून आम्ही थेट कोपरबाईच्या घरी गेलो. ती कपडे वाळत घालत होती. आई दारातच म्हणाली, "पाणी मी बघितलं होतं. मला कळलं नाही, आणि मी तुझ्यावर ढकललं."

"माहितीये मावशी," ती म्हणाली. "किटली पोळली तरी तुम्ही हात झटकत नाही, मी कधीपासून बघतेय. म्हणून तुमची पाठ वळली की मी कोपर बुडवून घ्यायचे. जास्त वाटलं तर गार ओतायचे. त्या दिवशी नेमकं राहिलं."

"मग मेट्रनला का नाही सांगितलंस?"

"तुमचं काम गेलं असतं ना."

आईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतके दिवस जिची टिंगल केली, तिच्याच कोपराने हिचा तोरा सांभाळला होता.

दुसऱ्या दिवशी आईने मेट्रनला सगळं सांगून टाकलं. कोपरबाई कामावर परत आली. आई आता अंघोळी घालत नाही, दुपट्यांच्या घड्या घालते. भिंतीवरचा तापमापक टबात आला आहे. तरी कोपरबाई रोज सगळ्यांदेखत हाक मारते, "मावशी, जरा पाणी बघता का?"

आई उठते, बाही वर सरकवते, कोपर बुडवते. "ठीक आहे," म्हणते. कोपरबाईकडे बघायचं धाडस मात्र तिला अजून होत नाही.